वसईच्या चर्चसाठी एलईडी वॉल, प्रोजेक्टर की टीव्ही?

वसई परिसरातील एका धर्मग्राम (पॅरिश) परिषदेच्या सदस्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चर्चची आतील लांबी वेदीच्या पायऱ्यांपासून मुख्य दारापर्यंत २४ मीटर आणि रुंदी सुमारे १४ मीटर असून, मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत. मुख्य दार पश्चिमेला आहे, वर मंगलोरी कौले आणि लाकडी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या चौकटी) आहेत, आणि रविवारी चारशेच्या आसपास भाविक असतात. गीते, वाचने आणि प्रतिसाद सर्वांना वाचता यावेत यासाठी पडद्याची व्यवस्था करायची आहे. एका विक्रेत्याने वेदीच्या मागे १२ × ७ फुटांची पी-४ एलईडी वॉल, म्हणजे एलईडी ठिपक्यांची बनलेली पडद्याची भिंत, सुचवली आहे, दुसऱ्याने ५००० लुमेनचे (लुमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) दोन प्रोजेक्टर सुचवले आहेत, आणि तरुण मंडळींचे म्हणणे असे की, मोठे टीव्ही लावून मोकळे व्हावे. बजेट आठ लाखांचे आहे. यांपैकी काय घ्यावे?

मी गेली बावीस वर्षे सभागृहे, शाळा, देवस्थाने आणि चर्च अशा ठिकाणी ध्वनी व दृश्य यंत्रणा बसवण्याचे काम करतो. दोन्ही विक्रेत्यांनी आधी यंत्र ठरवले आणि मग ते कुठे टांगायचे याचा विचार केला, म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर असा प्रकार झाला. शेवटच्या बाकावरील माणसाला कोणत्या आकाराचे अक्षर वाचता येते आणि पडद्याच्या जागी दिवसा किती उजेड असतो, या दोन गोष्टी मोजल्याशिवाय कोणतेही यंत्र चांगले किंवा वाईट ठरत नाही. आणि या दोन गोष्टी मोजल्या की बहुतेक वेळा निवडीसाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.

प्रथम उजेडाचे पाहू, कारण प्रोजेक्टरचा निकाल तिथेच लागतो. प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे त्या जागी आधीपासून पडलेला उजेड, आणि पांढरा म्हणजे तो उजेड अधिक प्रोजेक्टरचा उजेड. या दोहोंचे गुणोत्तर हाच वाचनीयतेचा खरा आकडा होय. बारा फूट रुंदीचा १६:९ प्रमाणाचा पडदा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात चौरस मीटर होते. ५००० लुमेनचा प्रोजेक्टर त्यावर ५००० भागिले ७.५, म्हणजे सुमारे ६६७ लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) उजेड टाकतो. पश्चिमेचे मुख्य दार उघडे असताना दुपारनंतर वेदीकडील भिंतीवर ३०० लक्स उजेड असणे मुळीच अवघड नाही. आपल्यासारख्याच रचनेच्या एका चर्चमध्ये मी चार वाजता त्याहून अधिक मोजला आहे. तेव्हा पांढरा ९६७, काळा ३००, आणि गुणोत्तर सव्वातीनास एक. इन्फोकॉम या व्यावसायिक संस्थेने २०११ साली प्रक्षेपित चित्रांसाठी जे मानक ठरवले, त्यात नुसते पाहण्यासाठी ७:१ आणि मजकूर वाचून समजून घेण्यासाठी १५:१ हे किमान गुणोत्तर धरले आहे. आपल्याला या उजेडात १५:१ हवे असेल, तर हिशोबाने ३१,५०० लुमेन लागतात, आणि केवळ ७:१ वर समाधान मानले तरी १३,५००. त्या ताकदीची यंत्रे मोठ्या प्रेक्षागृहांत आणि मैदानी कार्यक्रमांत वापरतात, आणि आपल्या बजेटशी त्यांचा संबंध नाही.

मग विक्रेत्याने दाखवलेले प्रात्यक्षिक इतके सुरेख कसे दिसले, असा प्रश्न पडेल. ते बहुधा संध्याकाळी, दिवे मंद करून झाले असावे. पडद्यावर ४० लक्स उजेड असेल, तर तोच ५००० लुमेनचा प्रोजेक्टर साडेसतरास एक इतके गुणोत्तर देतो आणि कोणाचीही तक्रार राहत नाही. म्हणून माझा नेहमीचा आग्रह असतो की, प्रात्यक्षिक रविवारी सकाळच्या मिस्सेच्या (सामुदायिक उपासनेच्या) वेळी आणि पुन्हा एकदा दुपारी तीन ते पाच या वेळेत, सर्व दारे-खिडक्या नेहमीप्रमाणे उघड्या ठेवूनच घ्यावे. गुड फ्रायडेची उपासना याच वेळेत होते, आणि वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवसांपैकी तो एक असतो. खिडक्यांना पडदे लावण्याचा उपाय सुचवला जातो. पण उन्हाळ्यात, चारशे माणसे आत असताना, कौलारू इमारतीत वारा बंद करण्याची कल्पना ज्याने मांडली, त्याने मे महिन्यात एखादे लग्न तिथे बसून पाहिलेले नसावे.

उजेड मोजण्यासाठी लक्समीटर भाड्याने किंवा उसना मिळाला तर उत्तम. मोबाईलमधील ॲपवर अगदी विसंबू नये, कारण फोनागणिक आकडा बदलतो. मीटरचा पांढरा घुमट पडद्याच्या नियोजित जागी, भाविकांच्या दिशेने तोंड करून धरावा, वर छताकडे नव्हे. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण छताकडे धरलेला मीटर कित्येकदा दुप्पट आकडा दाखवतो आणि सगळा हिशोब फसतो.

आता अक्षराच्या आकाराकडे येऊ, कारण मराठी चर्चसाठी हाच भाग सर्वांत महत्त्वाचा असून विक्रेते त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. साधारण नियम असा की, अक्षराची उंची वाचणाऱ्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी असावी. ज्येष्ठ नागरिक ज्या समुदायात बहुसंख्य आहेत, तिथे त्याहून लहान अक्षर ठेवू नये. २४ मीटरवरच्या बाकासाठी हे अक्षर १२ सेंटिमीटरचे झाले. ही उंची देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची आहे. रोमन लिपीच्या सवयीने आखलेल्या तक्त्यांत इथेच घोळ होतो. आपल्या अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार बसतात, खाली उकार आणि ऋकार लोंबतात, आणि 'स्वर्गीय', 'कृपेच्या' किंवा 'ख्रिस्ताच्या' यांसारखे शब्द ओळीत आले की, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. म्हणून दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान सव्वादोन पट धरावे लागते. १२ सेंटिमीटरच्या अक्षरासाठी एक ओळ सुमारे २७ सेंटिमीटर जागा खाते, आणि बारा फूट रुंदीच्या पडद्याची उंची दोन मीटरच्या आसपास असल्यामुळे, वरखाली समास सोडून सात ओळी बसतात. हा आकडा गीताच्या एका कडव्यासाठी पुरेसा आहे.

हाच हिशोब ७५ इंची टीव्हीला लावून पाहा. त्याच्या चित्राची उंची सुमारे ९३ सेंटिमीटर आणि रुंदी १६६ सेंटिमीटर असते. १२ सेंटिमीटरचे अक्षर घेतले, तर तीनच ओळी आणि प्रत्येक ओळीत जेमतेम बारा-तेरा अक्षरे बसतात. म्हणजे प्रत्येक कडवे तीनदा बदलावे लागेल आणि ते बदलणारा मुलगा दुसऱ्याच रविवारी कंटाळून जाईल. समोर दोन टीव्ही लावून मोकळे व्हावे, या तरुणांच्या कल्पनेत एवढीच अडचण आहे. परंतु तोच टीव्ही वाचणाऱ्यापासून १२ मीटरच्या आत असेल, तर अक्षर ६ सेंटिमीटरचे पुरते, आणि मग त्याच्यावर सहा ओळी व ओळीत वीस-पंचवीस अक्षरे सहज बसतात. तेव्हा ७५ इंचांचे दोन टीव्ही वेदीच्या अलीकडे दोन बाजूंना आणि तेवढेच दोन चर्चच्या मध्यावरील खांबांवर, मागील बाकांकडे तोंड करून, अशी चार पडद्यांची मांडणी केली, तर एकही भाविक १२ मीटरच्या पलीकडे राहत नाही. खांबांच्या आड बसणाऱ्या आणि आजवर वेदी न दिसता केवळ आवाजावर मिस्सा ऐकणाऱ्या मंडळींची सोयही याच मांडणीत होते.

उजेडाच्या कसोटीवर टीव्ही प्रोजेक्टरपेक्षा किती पुढे आहे, तेही पाहा. ४०० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या स्वतःच्या तेजाचे माप) पॅनेलवर तेच ३०० लक्स पडले आणि पॅनेलने त्यातील पाच टक्के उजेड परत पसरवला असे धरले, तर काळा भाग सुमारे ५ निट्स उजळतो, आणि गुणोत्तर ऐंशीस एकच्या घरात राहते. प्रोजेक्टरचे सव्वातीन होते, हे आठवावे. मात्र इथे एक मेख आहे. घरगुती टीव्हीची काच आरशासारखी चकचकीत असते, आणि समोरच्या उघड्या दाराचे प्रतिबिंब तिच्यात अख्खेच्या अख्खे दिसते. मग गुणोत्तर कागदावर कितीही असो, भाविकांना दार आणि रस्त्यावरून जाणारी रिक्षाच दिसते. म्हणून पॅनेल मॅट पृष्ठभागाचे घ्यावे आणि ते पाच ते दहा अंश खाली झुकवून लावावे, म्हणजे प्रतिबिंब दाराऐवजी जमिनीचे पडते.

व्यावसायिक वापराच्या पॅनेलला मॅट पृष्ठभाग, सिग्नल आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय आणि सार्वजनिक जागेसाठी वैध असलेली वॉरंटी मिळते. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत व्यावसायिक किंवा सार्वजनिक वापर बहुधा वगळलेला असतो. बिल चर्चच्या नावाने असेल, तर ही अट खरेदीपूर्वी वाचून घ्यावी. पॅनेल आयपीएस जातीचे आहे की व्हीए, हेही विचारावे. व्हीए पॅनेल समोरून अधिक गडद काळे दाखवते, पण बाजूने पाहिल्यावर फिकट पडते, आणि चर्चमध्ये बाजूने पाहणारेच अधिक असतात. त्यामुळे आपल्यासाठी आयपीएस बरे. २०२५ च्या सप्टेंबरात ३२ इंचांवरील टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन त्यापूर्वीचे असेल, तर ते नव्याने मागवावे.

एलईडी वॉलविषयी लिहिताना मला न्याय करायला हवा, कारण भर उजेडात तिच्याइतके ठसठशीत दुसरे काहीच दिसत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या ती प्रोजेक्टरपेक्षा आपल्या जागेला अधिक योग्य आहे. माझा विरोध दोन गोष्टींना आहे: पी-४ ला, आणि वेदीमागच्या जागेला. पी-४ म्हणजे दोन ठिपक्यांमधील अंतर ४ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला हे ठिपके वेगळे दिसेनासे होण्यासाठी सुमारे पावणेचौदा मीटर अंतर लागते. आपला पहिला बाक वेदीमागच्या भिंतीपासून फार तर सहा-सात मीटरवर असेल. म्हणजे पुढच्या बऱ्याच बाकांना चित्राऐवजी ठिपक्यांची रांगोळी दिसेल. पी-२.५ घेतल्यास तेच अंतर साडेआठ मीटरवर येते, आणि किंमतही त्या प्रमाणात चढते.

जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे. वेदी, वाचनमंच आणि क्रूस यांच्यामागे आठशे निट्सचा झगमगता चौकोन उभा केला की, डोळा आपोआप त्याच्याकडे जातो. कोणीही कितीही भक्तिभावाने बसलेला असला, तरी हलत्या प्रकाशाकडे पाहणे हा डोळ्याचा स्वभाव आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये मूर्ती आणि प्रतिमांसंबंधीसुद्धा असे बजावले आहे की, त्यांची संख्या उगाच वाढवू नये आणि त्यांची मांडणी भाविकांचे लक्ष उपासनेवरून स्वतःकडे ओढून घेणारी नसावी. जी काळजी संतांच्या मूर्तींबाबत घ्यायची, ती पडद्याबाबत अधिकच घ्यायला हवी. शिवाय वेदीच्या परिसरात कोणताही कायमचा बदल करण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंमार्फत धर्मप्रांताची संमती घेणे इष्ट, आणि ती सामान मागवण्यापूर्वी घ्यावी, नंतर नव्हे. मिस्सेचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या कॅमेऱ्यालाही हा चौकोन जाचतो: कॅमेरा एलईडी भिंतीच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि फादर काळ्या सावलीसारखे दिसतात. भिंतीचा उजेड कमी केला, तर स्वस्त मॉड्यूलमध्ये (भिंत ज्या सुट्या तुकड्यांची बनते त्यांत) रंगांच्या छटा तुटतात आणि निळ्या पार्श्वभूमीवर पट्टे उमटतात. भिंतीचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) १९२० हर्ट्झ असेल, तर कॅमेऱ्यात आडव्या रेघाही पळतात. म्हणून कधी घेतलीच, तर ३८४० हर्ट्झची घ्यावी.

वसईच्या खाऱ्या, दमट हवेचाही विचार हवा. एलईडीचे दिवे बारीक धातूच्या पायांवर डकवलेले असतात, आणि आठवड्यातून एकदाच चालू होणाऱ्या भिंतीत पावसाळ्यातील ओल साचून राहते. अशी भिंत पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी तासभर तरी कमी उजेडावर चालू ठेवावी लागते. मॉड्यूल खराब झाले, तर दोन वर्षांनी आणलेले नवे मॉड्यूल रंगात जुळत नाही आणि भिंतीवर ठिगळ दिसते. यासाठी सुरुवातीलाच त्याच उत्पादन-खेपेतील किमान पाच टक्के मॉड्यूल जादा घेऊन ठेवावे लागतात. या गोष्टी कोटेशनमध्ये क्वचितच असतात. पुढे कधी देणगी मिळाली आणि परिषदेची इच्छा झाली, तर ६४० × ४८० मिलिमीटरच्या कॅबिनेटची (मॉड्यूल बसवलेल्या चौकटींची) चार बाय तीन अशी रचना करून, २.५६ × १.४४ मीटरच्या, म्हणजे अचूक १६:९ प्रमाणाच्या, दोन लहान भिंती वेदीच्या दोन बाजूंना लावता येतील. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला किंवा सणाच्या दिवशी जे लोक बाहेर मंडपात बसतात, त्यांच्यासाठी मात्र एलईडी वॉल भाड्याने आणणे हेच शहाणपणाचे आहे, आणि तिथे पी-४ सुद्धा उत्तम चालते.

प्रोजेक्टरविषयी आणखी एकच सांगतो. लेझर प्रोजेक्टरचे आयुष्य २०,००० तास, असे सांगून तो गळ्यात मारला जातो. आठवड्याला दहा तास वापर धरला, तर वर्षाचे ५२० तास होतात, आणि २०,००० तास संपायला अडतीस वर्षे लागतील. तोवर त्याचा पंखा, फिल्टर आणि आतील काच धुळीने व बुरशीने केव्हाच हात टेकलेले असतील. त्यामुळे हा आकडा आपल्या निर्णयात मोजू नये. एका चर्चमध्ये मी स्वतः, छताच्या कैचीला प्रोजेक्टर टांगला होता. मोजमाप, वजन, कोन, सर्व चोख होते. पहिल्या रविवारी मिस्सेपूर्वीची घंटा झाली आणि पडद्यावरील स्वागताची पाटी थरथरू लागली. घंटेचा मनोरा ज्या भिंतीला लागून होता, तिच्यावरच ती कैची टेकलेली होती. घंटा थांबल्यावरही अक्षरे काही क्षण डुलत राहिली, आणि पुढच्या बाकावरची दोन मुले त्यांच्याबरोबर डुलू लागली. दुसऱ्या दिवशी मी पदरमोड करून तो स्टँड उतरवला. टीव्ही खांबावर लावला, तर असला प्रश्न येत नाही.

खांबांवर लावण्याची पद्धत मात्र काळजीपूर्वक ठरवावी. खांब जुने, चुन्याच्या गिलाव्याचे असतील, तर त्यांना भोके पाडून खिळा-बोल्ट ठोकू नयेत. खांबाभोवती आतून रबर लावलेला लोखंडी पट्टा आवळून त्यावर ब्रॅकेट बसवावी. ७५ इंची पॅनेलचे वजन ब्रॅकेट सोडून तीस-पस्तीस किलो असते आणि पट्टा ते सहज पेलतो. तरीही ब्रॅकेट कितीही मजबूत असली, तरी एक स्वतंत्र सुरक्षा-साखळी वरून घ्यावीच, कारण खाली माणसे बसतात. मध्यावरील टीव्ही खांबाच्या अगदी मध्ये लावला, तर तो दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर येतो आणि मधल्या भागातील लोकांना वेदी झाकते. म्हणून तो बाजूच्या मार्गिकेकडे सरकवून लावावा.

पडद्याची उंची ठरवताना जवळजवळ सर्वजण एक चूक करतात, आणि ती म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून हिशोब करणे. चर्चमध्ये गीते बहुतांशी उभे राहून म्हटली जातात, आणि ज्या क्षणी शब्द वाचायचे असतात, त्याच क्षणी पुढची दहा माणसे उभी असतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान सव्वादोन मीटर वर हवी. हे तपासण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून, त्यावर काळ्या कागदावर ६ सेंटिमीटरच्या पांढऱ्या अक्षरांत गीताच्या चार ओळी चिकटवाव्यात, आणि तो पुठ्ठा बांबूला बांधून एका रविवारी नियोजित जागी उभा करावा. मग शेवटच्या बाकांवरील आजी-आजोबांना उभे राहून वाचायला सांगावे. मी हे अनेक ठिकाणी केले आहे. एका ठिकाणी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी ओळी वाचल्या आणि मग शांतपणे सांगितले की, त्यांना त्या गीताचे शब्द पाठ आहेत, तेव्हा दुसरे काहीतरी लिहून आणा. त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. तेव्हापासून मी चाचणीसाठी गीताऐवजी बाजारहाटाची यादी लिहितो.

तारांबाबत थोडक्यात सांगतो. साधी तांब्याची एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. आपल्या अंतरांसाठी कॅट-६ (नेटवर्कच्या) केबलवरून चित्र दूर नेणारे एचडीबेसटी संच किंवा ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. ऑप्टिकल केबलला दिशा असते, आणि एक टोक लॅपटॉपकडचे तर दुसरे पडद्याकडचे असते, हे भिंतीत गाडण्यापूर्वी दोनदा पाहावे. सर्व तारा पाइपातूनच न्याव्यात. कौलारू इमारतीत उंदीर आणि खारी असतातच. चारही पडद्यांना १०८० पी हा एकच सिग्नल द्यावा, फोर-के च्या मागे लागू नये. अक्षरांसाठी त्याचा काही उपयोग नाही. पडदे आणि ध्वनियंत्रणा यांचे अर्थिंग एकच हवे, नाहीतर लॅपटॉप जोडताच स्पीकरमधून घुंईं असा आवाज येतो. घंटेच्या मनोऱ्यावर कोसळणारी वीज जमिनीत नेणारा वीजवाहक असला, तरी पडद्यांच्या वीजजोडणीवर स्वतंत्र सर्ज प्रोटेक्टर बसवावा. नियंत्रणाचा लॅपटॉप गायकवृंदाजवळ ठेवावा, कारण पान केव्हा बदलायचे हे गाणाऱ्याच्या श्वासावरून कळते, दुरून कळत नाही.

टीव्हीमधील एक बारीकशी सेटिंग माझ्या लेखी मोठी आहे. सिग्नल तुटला की टीव्ही निळा होतो, 'नो सिग्नल' अशी पाटी तरंगू लागते, किंवा कंपनीचे बोधचिन्ह पडदाभर फिरते; आणि अर्पणविधीच्या शांततेत हे घडले, तर चारशे लोकांचे लक्ष एका क्षणात उडते. पॅनेल घेताना सिग्नल नसताना पडदा पूर्ण काळा राहील अशी सोय त्यात आहे का, हे दुकानातच केबल उपटून पाहावे. लॅपटॉप 'एक्स्टेंड' पद्धतीने जोडावा, 'डुप्लिकेट' पद्धतीने नव्हे, म्हणजे चालवणाऱ्याची धावपळ लोकांना दिसत नाही. आणि त्यावर व्हॉट्सॲप व आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत.

मजकुराच्या तयारीला यंत्रांहून अधिक वेळ लागतो, हे परिषदेने आधीच जाणावे. आपल्याकडील गीते अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी छपाईसाठी टाइप केलेली असतील, तर ती बहुधा श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये असतील, आणि पडद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताच त्यांचा गोंधळ होईल. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. सॉफ्टवेअर निवडताना 'तारणाऱ्या' आणि 'दुसऱ्याच्या' हे दोन शब्द टाइप करून पाहावेत. ऱ्या नीट उमटला नाही, तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी निरुपयोगी समजावे. ओपनएलपी आणि फ्रीशो ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, आणि पैसे भरण्यापूर्वी त्यांवर महिनाभर काम करून पाहण्यास हरकत नाही. फाँट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखा साधा, मध्यम जाडीचा घ्यावा. फार ठळक फाँटमध्ये 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' दुरून सारखे दिसू लागतात. गडद निळ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवावीत. मावळता सूर्य, कबुतर, मेणबत्ती अशी चित्रे अक्षरांमागे घालण्याचा मोह प्रत्येक चर्चमधील तरुणांना होतो, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या महिन्यानंतर ज्येष्ठांच्या तक्रारीवरून ती काढावी लागतात. ओळ तोडायची ती गाण्यातील श्वासाच्या जागी तोडावी, पडदा संपला म्हणून नव्हे.

फादरांचे चेहरे पडद्यावर मोठे दाखवावेत का, असेही आपण विचारले आहे. २४ मीटरच्या चर्चमध्ये त्याची गरज नाही, असे माझे मत आहे. कॅमेरा, मिक्सर आणि टीव्ही यांच्यातून जाताना चित्र दशांश सेकंदाच्या आसपास मागे पडते, आणि जो माणूस प्रत्यक्ष समोर दिसत आहे, त्याचे ओठ पडद्यावर उशिरा हलताना पाहणे त्रासाचे होते. खांबांआडच्या बाकांसाठी प्रवचनाच्या वेळी वेदीचे दूरचे, स्थिर दृश्य दाखवावे. घरी बसलेल्या आजारी माणसांसाठी प्रक्षेपण करणार असाल, तर कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेम्सवर आणि शटर १/५० वर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचा लपलपाट त्यामुळे टळतो.

आठ लाखांची वाटणी करताना पडद्यांवर निम्म्याहून थोडे अधिक खर्चावे, आणि उरलेले ब्रॅकेट, तारा, वीजकाम, एक चांगला लॅपटॉप आणि चार-पाच जणांचे प्रशिक्षण यांसाठी राखावे. काही रक्कम सणाच्या दिवशी भाड्याच्या एलईडी वॉलसाठी बाजूला ठेवावी. कंत्राटदाराला शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटल्यावरच द्यावेत, आणि ही अट वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावी. पुठ्ठ्याची चाचणी मात्र आधी, येत्या दोन रविवारीच उरकून घ्यावी. तिला लागतो तो एक बांबू, दोन पुठ्ठे आणि खरे बोलणारी एक आजी.